प्रशिक्षकाच्या पडद्यावरील आभाळ : वैमानिक सिम्युलेटरच्या नकाशापडद्यावर हवामान दाखविण्याच्या रीतीची चिकित्सा

प्रास्ताविक

वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरची एक बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. खाली-वर होणारी बंद खोली, काचेपलीकडे धावून येणारी कृत्रिम धावपट्टी आणि नियंत्रणदांडा घट्ट धरून बसलेला प्रशिक्षणार्थी हे चित्र वृत्तपत्रांतून व चित्रवाणीवरून अनेकदा आपल्यासमोर येते. दुसरी बाजू मात्र फारशी चर्चिली जात नाही. त्याच खोलीत प्रशिक्षणार्थ्याच्या पाठीमागे प्रशिक्षक बसलेला असतो आणि त्याच्यापुढे एक स्वतंत्र पडदा असतो. त्या पडद्यावर विमानतळाच्या परिसराचा नकाशा असतो. विमान जसजसे पुढे जाते तसतशी त्याच्या मार्गाची रेषा नकाशावर उमटत जाते. याच नकाशावर प्रशिक्षक बोटाच्या स्पर्शाने वादळी ढग ठेवतो, वाऱ्याची दिशा फिरवितो, धुके उतरवितो, धावपट्टी ओली करतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या पडद्याचा विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचे अभ्यासक्षेत्र साहित्यसमीक्षा हे आहे. तेव्हा विमानविद्येच्या प्रांतात हा हस्तक्षेप कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, नकाशा हीदेखील एक चिन्हव्यवस्था आहे. ती कोणासाठी रचलेली आहे, तिच्यात बोलणारा कोण, त्याला किती ठाऊक आहे आणि ते केव्हा ठाऊक झाले, हे प्रश्न कथनमीमांसेतील निवेदकाविषयीच्या प्रश्नांहून वेगळे नाहीत. यंत्राच्या अचूकतेविषयी अभियंत्यांनी बोलावे. पडद्याच्या भाषेविषयी बोलण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकालाही आहे, अशी या लेखामागील भूमिका आहे.

या पडद्यावरील हवामान 'घडविलेले' असते. प्रत्यक्ष उड्डाणात वैमानिकाच्या वाट्याला येते ते 'कळलेले' हवामान. या दोहोंतील अंतर हाच वैमानिकाच्या निर्णयाचा खरा प्रदेश असताना नकाशापडदा नेमके तेच अंतर पुसून टाकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा दोष केवळ मांडणीचा नाही. ज्या पडद्याच्या आधारे एखाद्याच्या कौशल्याचा निवाडा होतो, त्या पडद्याच्या न्याय्यतेचा प्रश्न त्यातून निर्माण होतो.

खेकड्याची रेघ

सिम्युलेटरचा इतिहास हवामानापासूनच सुरू होतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील हवेचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, वळणारे छोटे विमान तयार केले. प्रारंभी ते करमणुकीच्या उद्यानांतच अधिक खपले. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे सोपविले. ऐन हिवाळ्यात, धुक्यात आणि बर्फवृष्टीत केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची सवय नसलेले अनेक वैमानिक अल्पावधीत मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी लिंक स्वतः दाट धुक्यातून विमान चालवीत न्यूअर्कला उतरले, ही हकीकत विमानविद्येच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. न दिसणाऱ्या आभाळातून वाट काढण्याची विद्या हीच या यंत्राची मूळ प्रेरणा होती.

या लिंक प्रशिक्षकयंत्राशेजारी एक टेबल असे आणि टेबलावर नकाशा पसरलेला असे. त्या नकाशावरून तीन चाकांचे एक छोटे साधन शाईची रेघ ओढीत सरकत जाई. त्याच्या चालीमुळे त्याला 'खेकडा' हे नाव पडले. विद्यार्थी बंद पेटीत बसून जसे वळेल तसा खेकडा वळत असे. आजच्या नकाशापडद्याचा पूर्वज तो हाच. परंतु एक फरक फार महत्त्वाचा आहे. खेकड्याच्या नकाशावर हवामान नव्हते. खडबडीत हवेचे हेलकावे देण्याची सोय यंत्रात होती, पण तिची खूण कागदावर उमटत नसे. विद्यार्थ्याला हवामान कळे ते प्रशिक्षकाच्या तोंडून, कानावरच्या यंत्रातून. म्हणजे या व्यवस्थेत हवामान हे मूलतः 'सांगितलेले' होते. प्रशिक्षक काय म्हणाला, केव्हा म्हणाला आणि विद्यार्थ्याने काय ऐकले यावर ते अवलंबून होते. कागदावर उरे ती केवळ माणसाच्या हालचालीची रेघ.

पुढे संगणक आले, काचेचे पडदे आले आणि हवामानाला स्वतःचे पान मिळाले. दृश्यमानता, ढगांचा तळ आणि माथा, निरनिराळ्या उंचींवरील वारा, तापमान, हवेचा दाब, धक्क्यांची तीव्रता अशा चौकटी भरण्याची सोय झाली. त्यानंतर हवामान नकाशावरच उतरले. आज बहुतेक प्रगत सिम्युलेटरांत तयार वादळी ढगांचा संग्रह असतो आणि त्यातील हवा तो ढग निवडून प्रशिक्षकाला विमानाच्या वाटेत ठेवता येतो. विमानाची रेषा आणि हवामान अशा रीतीने एकाच पृष्ठभागावर आले. तंत्राच्या दृष्टीने ही प्रगतीच होय. मात्र याच टप्प्यावर 'सांगितलेले' हवामान नाहीसे झाले आणि त्याच्या जागी 'असलेले' हवामान आले.

साडेआठचा नकाशा

तुलनेसाठी हवामानखात्याचा जुना नकाशा पाहावा. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्य कामकाज बराच काळ सिमल्याहून चाले. १९२८ मध्ये ते पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकरांनी जे 'सिमला ऑफिस' म्हणण्यास प्रारंभ केला, ते नाव तेथील चौकाला आजही चिकटून आहे. सकाळी साडेआठच्या निरीक्षणांवरून तयार होणाऱ्या नकाशात प्रत्येक वेधस्थानकाच्या जागी एक लहान वर्तुळ असे. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतील किती भाग ढगांनी व्यापला आहे, ते वर्तुळाच्या भरावावरून कळे. वर्तुळाला जोडलेल्या काडीवरून वाऱ्याची दिशा आणि काडीच्या पिसांवरून वेग वाचता येई. अर्धे पीस पाच नॉट्सचे, पूर्ण पीस दहाचे, त्रिकोणी निशाण पन्नासचे. हीच चिन्हे आजही जगभर चालतात.

या नकाशाचा मोठा गुण असा की, तो आपले अज्ञान लपवीत नाही. जेथे स्थानक नाही तेथे वर्तुळ नाही. वर्तुळांमधून जाणाऱ्या समदाबरेषा विश्लेषकाने अनुमानाने काढलेल्या आहेत, हे वाचकाला पाहताक्षणी कळते. पाहिलेले कोणते आणि जोडलेले कोणते याचा भेद रेखाटनातच सांभाळलेला असतो. शिवाय नकाशावर वेळ घातलेली असते. साडेआठचे आभाळ हे साडेआठचेच आभाळ आहे, दहा वाजता नकाशा पाहणाऱ्याने मधल्या दीड तासाचा हिशेब स्वतः करावयाचा आहे, अशी ती मूक सूचना असते. प्रशिक्षकाच्या नकाशापडद्यावर यांपैकी काहीच नसते. तेथे हवामान काठोकाठ भरलेले असते, त्याच्या कडा स्पष्ट असतात आणि त्यावर वेळ नसते, कारण ते नित्य 'आत्ताचे'च असते.

रंगांचे व्याकरण

विमानातील हवामान-रडारच्या पडद्यावर हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा आणि जोराचा तांबडा दिसतो. त्याहून तीव्र प्रतिध्वनीसाठी, तसेच कित्येक यंत्रांत धक्क्यांची हवा दाखविण्यासाठी किरमिजी रंग योजतात. प्रशिक्षकाच्या नकाशावरही वादळी ढग सामान्यतः याच रंगांत रंगविलेला असतो. रंग सारखे असल्यामुळे अर्थही सारखा आहे असा समज होतो. तो बरोबर नाही.

रडारवरचा तांबडा म्हणजे 'येथून पुष्कळ प्रतिध्वनी परत आला'. प्रशिक्षकाच्या नकाशावरचा तांबडा म्हणजे 'येथे मी जोराचे वादळ ठेवले आहे'. हा फरक तांबड्यापुरता चालून जाईल. रिकाम्या जागेविषयी मात्र तो अत्यंत धोक्याचा आहे. रडारच्या पडद्यावरील काळा भाग म्हणजे 'येथे काही नाही' असे नव्हे. त्याचा अर्थ 'येथून काही परत आले नाही' एवढाच होतो. पुढचा पाऊस एवढा दाट असतो की किरणांची शक्ती त्यातच खर्ची पडते आणि त्यामागचे, कदाचित अधिक भयंकर असलेले वादळ पडद्यावर काळे, म्हणजे मोकळे दिसते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान अशाच एका वादळात शिरले. गारा व पावसाने त्याची दोन्ही इंजिने बंद पडली आणि महामार्गावर उतरण्याच्या प्रयत्नात ते कोसळले. रडारवर जी फट वाटली ती फट नव्हती, असे या अपघाताच्या अभ्यासातून पुढे आले. कोरड्या गारांचे तर रडारला वावडेच असते. भिजलेल्या थेंबांच्या मानाने त्यांचा प्रतिध्वनी फार दुबळा असतो.

आता प्रशिक्षणार्थ्याने सिम्युलेटरमध्ये अशीच एक काळी फट निवडली असे समजू. त्याच्या पुढ्यातील रडार जर चांगल्या प्रतीचे घडविलेले असेल तर तेथेही त्याला ती मोकळीच दिसते. पाठीमागे प्रशिक्षकाला मात्र आपल्या नकाशावर संपूर्ण तांबडा गोळा दिसत असतो. विमानाची रेषा त्या गोळ्यात शिरताना त्याला दिसते आणि त्याच्या मनात पहिला शब्द उमटतो तो 'चूक' हा. वस्तुतः येथे शिकविण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. फट कशी तपासावी, रडारचा कोन कसा बदलून पाहावा, संशय केव्हा धरावा, ही ती गोष्ट होय. पण नकाशा तसे म्हणत नाही. तो केवळ रेषा आणि गोळा यांची भेट दाखवितो.

जमिनीवरच्या रडारचेही हेच आहे. पणजीच्या हवामान-रडारपासून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे. अर्ध्या अंशाच्या कोनातून निघालेला किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे येथवर पोचेपर्यंत साध्या हिशेबाने रडारच्या पातळीपेक्षा सुमारे २.४ किलोमीटर उंच गेलेला असतो. मध्ये सह्याद्रीची भिंत आहे ती वेगळीच. कोल्हापूर स्वतः साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे हे वजा केले, तरी आपल्या डोक्यावर पावणेदोन-दोन किलोमीटर उंचीवर काय चालले आहे तेवढेच त्या चित्रात कळणार. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्याला ज्या शेवटच्या तीनशे मीटरांची काळजी असते, त्यांविषयी ते चित्र मौन बाळगते.

दुसरीकडे विमानतळावरून प्रसृत होणारा हवामान-संदेश, ज्याला 'मेटार' म्हणतात, तो एका बिंदूवरचा आणि एका वेळेचा असतो. त्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. विरळ धुक्यासाठी 'बीआर', गारांसाठी 'जीआर', धुरासाठी 'एफयू' अशी अक्षरे त्यात येतात. इंग्रजी शब्दांशी ती जुळत नाहीत, कारण ती ब्रूम, ग्रेल आणि फ्युमे या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे आहेत. आंतरराष्ट्रीय करारांचा हा अवशेष. जगातील प्रत्येक वैमानिक, मग तो नागपूरचा असो वा नैरोबीचा, गारांना मनातल्या मनात फ्रेंचमध्येच ओळखतो! या संदेशावर वेळ असते आणि परिस्थिती झपाट्याने पालटल्यास मधल्या वेळी विशेष संदेशही निघतो. थोडक्यात, वैमानिकाच्या हाती येणारे हवामान हे तुकड्यांचे असते : एक बिंदूवरचा संदेश, एक अर्धवट रडारचित्र, नियंत्रकाचे दोन शब्द आणि खिडकीबाहेर जे दिसेल ते.

सूत्रधार आणि पात्र

कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाला पात्रांच्या मनातले आणि पुढे घडणारे सारेच ठाऊक असते. चांगला लेखक मात्र या सर्वज्ञतेला आवर घालतो. प्रसंग पात्राच्या नजरेतून दाखविताना तो पात्राला ठाऊक नसलेले वाचकालाही सांगत नाही. तसे न केल्यास पात्राचा निर्णय वाचकाला मूर्खपणाचा वाटू लागतो. प्रशिक्षकाचे स्थान तर निवेदकापेक्षाही वरचे आहे. धृतराष्ट्राला युद्ध सांगणाऱ्या संजयाने ते युद्ध घडविले नव्हते, त्याने फक्त पाहिले. प्रशिक्षक पाहतोही आणि घडवितोही. तो सूत्रधार आहे, आणि नाटक संपल्यावर पात्राचे परीक्षणही त्यालाच करावयाचे आहे. एवढे अधिकार एका व्यक्तीच्या ठायी असताना तिच्या पुढ्यातील पडदा तिला पात्राच्या नजरेची आठवण करून देणारा असावयास हवा. प्रत्यक्षात तो तिला अधिकाधिक सर्वज्ञ करीत जातो.

या अंतराची किंमत काय असू शकते, हे ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड येथील अपघाताने दाखविले आहे. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ विमान भर पावसात, रात्रीच्या वेळी, टेकडीमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात १९० जण होते, त्यांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे नागपूरशी नाते असलेले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले आणि वायुदलात प्रदीर्घ सेवा केलेले अधिकारी होते, त्यामुळे महाराष्ट्रात या घटनेची हळहळ विशेष होती.

विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. विहित कार्यपद्धतीचे पालन न होणे आणि अस्थिर अवतरण न सोडता ते पुढे चालू ठेवणे हे संभाव्य कारण त्याने नोंदविले. ते कोणी नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच अहवालातील सहायक कारणांची यादी माहितीच्या अभ्यासकाने मुळातून वाचण्याजोगी आहे. उतरण्याची परवानगी देताना टॉवरने वारा ८ नॉट्स सांगितला होता. प्रत्यक्ष टेकताना पाठीमागून सुमारे १४ नॉट्सचा वारा होता. या धावपट्टीसाठीचे वारामापक विहित निकषांप्रमाणे बसविलेले नव्हते, आणि त्याच्या नादुरुस्तीच्या वारंवार तक्रारी होत्या. विमानतळासाठी दोन हवामान-इशारे लागू असताना टॉवरमधील हवामान अधिकारी जागेवर उपस्थित नव्हता. शिवाय, प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरच्या देखभालीतील त्रुटींमुळे चुकीचे शिक्षण होत होते, याचीही नोंद अहवालात आहे.

आता हाच प्रसंग सिम्युलेटरवर उभा करावयाचा झाल्यास काय होईल? प्रशिक्षक पडद्यावर वारा १४ नॉट्स घालील. नकाशावर एक बाण उमटेल, तो खरा असेल. नियंत्रकाची भूमिकाही बहुधा प्रशिक्षकच करीत असल्याने तोच बाण पाहून तो '१४ नॉट्स' असे सांगेल. आठ सांगणारा टॉवर आणि चौदाने वाहणारा वारा ही जी मूळ घटनेची गाठ, ती या रचनेत पडणारच नाही. पडद्यावर वाऱ्यासाठी एकच जागा आहे. 'वाहणारा वारा' आणि 'कळविलेला वारा' अशा दोन जागा असत्या तर प्रशिक्षकाला हे अंतर मुद्दाम निर्माण करता आले असते. काही जागरूक प्रशिक्षक तोंडी ते करतातही. पण जे पडद्यावर नाही ते सरावात क्वचितच येते आणि सत्रानंतरच्या चर्चेत तर मुळीच येत नाही, कारण नोंद पडद्याचीच उरते.

वळीव आणि संततधार

आणखी एक आक्षेप हवामानाच्या 'वस्तुकरणा'विषयी आहे. पडद्यावरचे वादळ ही उचलता, सरकविता, पुसता येण्याजोगी वस्तू आहे. ही कल्पना कोठून आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या अपघाताच्या अभ्यासातून टेड फुजिता यांनी ढगातून खाली आदळणाऱ्या हवेच्या झोताची संकल्पना मांडली. १९८२ साली डेन्व्हरच्या परिसरात अशा झोतांचा मोठा क्षेत्रीय अभ्यास झाला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला उतरताना डेल्टा कंपनीचे विमान अशाच झोतात सापडले आणि १३७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर वातविचलनाचे प्रशिक्षण सक्तीचे होत गेले, आणि प्रत्यक्ष अपघातांतील नोंदींवरून तयार केलेले झोतांचे नमुने सिम्युलेटरांत भरण्यात आले. या प्रशिक्षणाने असंख्य प्राण वाचविले आहेत, हे निर्विवाद आहे. परंतु पडद्यावरील हवामानाची मूळ प्रतिमा त्यातूनच ठरली. हवामान म्हणजे कडा असलेला, एका जागी असलेला आणि काही मिनिटांत आटोपणारा गोळा.

कोल्हापूरच्या माणसाला हा गोळा अपरिचित नाही. चैत्र-वैशाखात दुपार कलल्यावर अचानक अंधारून येते, धूळ उठते, पत्रे उडतात, कडकडाट होतो, टपोरे थेंब आणि कधी गारा पडतात आणि अर्ध्या तासात ऊन पडते. याला आपण वळीव म्हणतो. डेन्व्हर-डॅलसचे वादळ हे या वळवाचेच भावंड म्हणावे लागेल. वळीव पडद्यावर ठेवता येतो, कारण त्याला जागा आणि वेळ आहे.

पण मराठीत पावसाला तेवढाच एक शब्द नाही. झिमझिम आहे, रिपरिप आहे, झड आहे, संततधार आहे. आषाढात दाजीपूर-राधानगरीकडे जी संततधार लागते तिला कडा नसतात. ढग डोंगराला टेकलेले असतात, दृश्यमानता घटकेत येते घटकेत जाते, धावपट्टीवरचे पाणी हटत नाही, वारा पश्चिमेचा असला तरी मधूनच झोका देतो. यांतील कोणतीच एक गोष्ट भयंकर नसते. सगळ्या मिळून माणसाला थकवितात. मुंबईत १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान धावपट्टीपुढे गेले आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली, तो दिवसही अशाच मुसळधार पावसाचा होता. कोळिकोडचा तर ऐन श्रावणातला. हे हवामान बोटाने उचलून ठेवता येत नाही. ते नकाशाच्या एका भागात नसतेच, चौकटींतल्या आकड्यांत विखुरलेले असते. दृश्यमानता अमुक, ढगतळ अमुक, धावपट्टी ओली. परिणामी पडद्यावर संततधारीच्या सत्राचा नकाशा जवळजवळ स्वच्छ दिसतो! ज्या ऋतूने आपल्याकडील वैमानिकाची सर्वाधिक परीक्षा घ्यावी त्याला पडद्यावर रंगच नाही, आणि ज्याला रंग आहे त्याच्याकडे साहजिकच प्रशिक्षकाचे बोट वळते.

हौशी सिम्युलेटरांची अवस्था याहून निराळी नाही. 'फ्लाइटगिअर' हा सर्वांना मोफत उपलब्ध असलेला सिम्युलेटर १९९७ पासून विकसित होत आहे आणि तो खरे मेटार-संदेश घेऊन आभाळ उभे करू शकतो. कोणाही विद्यार्थ्याने तो महाविद्यालयाच्या संगणकावर चालवून पाहावा. जवळच्या स्थानकाचा संदेश हे तेथे आभाळाचे बीज. स्थानक आणि विमान यांच्यामध्ये घाट आहे की नाही याचे ज्ञान त्या संदेशात नसते. आपल्या एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण १,००० आणि शिरोळकडे ५०० च्या आसपास. शे-सव्वाशे किलोमीटरांत दसपट फरक. एका बिंदूवरून आभाळ रंगविण्याच्या पद्धतीला सह्याद्रीने दिलेले याहून चांगले प्रत्युत्तर शोधून सापडणार नाही.

आक्षेपाचा विचार

येथे एक रास्त हरकत घेतली जाईल. प्रशिक्षक सत्र चालू असताना नियंत्रक होतो, कर्मचारी होतो, दुसऱ्या विमानाचा वैमानिक होतो, बिघाड घालतो, टिपणे घेतो. त्याचा पडदा शक्य तितका स्वच्छ हवा. तेथे अनिश्चिततेच्या छटा, तुटक रेषा आणि वेळांचे शिक्के घातल्यास गोंधळ वाढेल. शिवाय प्रशिक्षकाला खरे काय आहे ते कळलेच पाहिजे, अन्यथा तो सुरक्षितपणे शिकविणार कसा?

हरकतीचा पूर्वार्ध मान्य करावा लागतो. सत्र चालू असताना नकाशा साधा असणेच इष्ट. पण सत्रानंतरच्या चर्चेसाठी हे कारण लागू पडत नाही. प्रशिक्षणार्थ्याला त्याची रेषा दाखविली जाते ती तेव्हा, आणि निवाड्याचे शब्द उच्चारले जातात तेही तेव्हाच. त्या वेळी तोच सर्वज्ञ नकाशा पुन्हा उघडणे म्हणजे पश्चातबुद्धीला पुरावा म्हणून सादर करणे होय. त्याऐवजी रेषेच्या प्रत्येक बिंदूवर प्रशिक्षणार्थ्याच्या रडारवर त्या क्षणी काय होते, शेवटचा संदेश किती मिनिटांपूर्वीचा होता, टॉवरने वारा किती सांगितला होता, हे दाखविता आले पाहिजे. ही सारी माहिती यंत्रात असते, कारण ती यंत्रानेच निर्माण केलेली असते. प्रश्न तंत्राचा नसून ती मागण्याचा आहे.

उत्तरार्धाविषयी एवढेच म्हणता येईल की, खरे काय ते प्रशिक्षकाला अवश्य कळावे, पण 'खरे' आणि 'कळविलेले' अशा दोन जागा असल्याने खरे झाकले जात नाही. जुन्या हवामान-नकाशात वर्तुळे आणि रेषा शेजारी शेजारी नांदत होत्या, त्यामुळे कोणाचाही गोंधळ झाला नाही.

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया येथे वैमानिक-प्रशिक्षणसंस्था आहेत, मुंबईत विमानकंपन्यांचे प्रशिक्षण चालते, आणि नवे सिम्युलेटर देशात सतत येत आहेत. ते विकत घेताना पडद्याचा आकार, दृश्याची स्पष्टता, विमानतळांची संख्या यांची चौकशी होणारच. त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहिता येतील : वाऱ्यासाठी दोन चौकटी असाव्यात, एक वाहणाऱ्या व एक कळविलेल्या वाऱ्याची, आणि हवामानाच्या प्रत्येक चिन्हाशेजारी ते प्रशिक्षणार्थ्यापर्यंत कोणत्या वेळी पोचले, किंवा पोचलेच नाही, याची नोंद राहावी.